राख, स्लॅग आणि दाबातून निघणारी वीज

दाबविद्युत संमिश्र म्हणजे दाब पडल्यावर विद्युतभार निर्माण करणाऱ्या सिरॅमिकचे बारीक कण एखाद्या बंधकात विखरून तयार केलेला पदार्थ. बांधकामासाठीच्या संमिश्रात हे सिरॅमिक बहुतेक वेळा लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी असते. बंधक साध्या सिमेंटचा असू शकतो; किंवा औष्णिक केंद्राची राख, लोखंडाच्या भट्टीची स्लॅग, भाजलेली चिनीमाती यांसारख्या चूर्णांना तीव्र अल्कलीच्या द्रावणाने सक्रिय करून तो बनवतात. दोन सेंटिमीटर व्यासाची आणि दोन मिलिमीटर जाडीची राखाडी चकती, दोन्ही तोंडांना चांदीचा लेप, त्याला जोडलेल्या दोन तारा, एवढेच तिचे रूप. ही चकती काँक्रीटमध्ये किंवा भिंतीत बसवली की कंपन, धक्का, तडा जाताना सुटणारी ध्वनिलहर यांचे ती विद्युत संकेतात रूपांतर करते.

चकतीचा कस पीझेडटीवर ठरतो, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचा अनुभव वेगळा असतो. एकाच बरणीतले पीझेडटी, तेच प्रमाण, तोच साचा आणि तोच दाब कायम ठेवून केवळ बंधकातली राख आणि स्लॅग कमीजास्त केली, तरी एक चकती उत्तम संकेत देते, दुसरी विद्युतदाब लावताच जळते आणि तिसरी कसलाच प्रतिसाद देत नाही. पीझेडटीपर्यंत विद्युतक्षेत्र पोहोचवायचे की अडवायचे, हे बंधकाच्या हाती असते, आणि या विषयातली बहुतेक मेहनत तिथेच खर्ची पडते.

बेंगळूरुच्या चामराजपेटमध्ये या विषयाचे प्रयोजन डोळ्यांसमोर दिसते. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ मध्ये ही पेठ आखली गेली. हैदर अलीने १७६१ मध्ये दगडात बांधून काढलेला किल्ला, १७९१ मध्ये पुरा झालेला टिपूचा सागवानी उन्हाळी महाल, कोटे वेंकटरमण मंदिर हे सारे तिच्या कुशीत किंवा उंबरठ्यावर. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती विटांच्या, सांधे चुना-सुरखीचे, छप्पर मंगळुरी कौलांचे किंवा सागवानी तुळयांवर विटा उभ्या रचून केलेल्या मद्रास गच्चीचे. या सगळ्याला खेटून आता मेट्रोची ग्रीन लाइन जमिनीखालून जाते. मॅजेस्टिक, चिकपेट आणि कृष्णराजेंद्र मार्केट या भुयारी स्थानकांचा टप्पा २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. एका बाजूला भुयाराचे दणकट काँक्रीट आणि दुसऱ्या बाजूला सव्वाशे वर्षांच्या चुन्याच्या भिंती. दोन्हींची प्रकृती सतत पाहत राहणे आवश्यक आहे, आणि दोन्हींना एकच संवेदक चालत नाही. त्याची कारणे पुढे येतील.

दाबविद्युत परिणाम प्येर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. पीझेडटी १९५० च्या दशकात हाती आले. कण आणि बंधक यांची जुळणी कशी आहे त्यावरून संमिश्रांचे प्रकार ठरवण्याची पद्धत न्यूनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडली. सुटे कण सर्व बाजूंनी बंधकाने वेढलेले असतील तर त्या जुळणीला ‘शून्य-तीन’ म्हणतात. सिमेंटमध्ये पीझेडटी मिसळून केलेल्या अशा संमिश्राचे काम हाँगकाँगमध्ये झोंगजिन ली यांच्या गटाने २००२ मध्ये प्रसिद्ध केले. अल्कलीने सक्रिय केलेल्या बंधकांचा इतिहास स्वतंत्र आहे: बेल्जियममध्ये पर्डन यांनी १९४० मध्ये स्लॅगवर केलेले प्रयोग, १९५० च्या दशकात कीव्हमध्ये ग्लुखोव्स्की यांचे काम आणि १९७० च्या दशकात दाविदोविट्स यांनी दिलेले जिओपॉलिमर हे नाव. हे दोन प्रवाह एकत्र आले ते अलीकडे.

पीझेडटीची सबंध फरशीच काँक्रीटला का चिकटवू नये, हा प्रश्न रास्त आहे. तशी ती चिकटवतातही. पण पीझेडटीची घनता दर घन सेंटिमीटरला साडेसात ग्रॅमच्या वर आणि त्यातून ध्वनीचा वेग काँक्रीटपेक्षा थोडा जास्तच. घनता आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे ध्वनिरोध, पीझेडटीत काँक्रीटच्या तिपटीहून अधिक भरतो. काँक्रीटमधून आलेल्या लहरीची सुमारे तीस टक्के ऊर्जा त्या सीमेवरूनच परत फिरते. शिवाय काँक्रीट आकसते, तापते, निवते. सिरॅमिकचे आकारमान त्याच्याइतके बदलत नाही, आणि चिकटवलेला थर काही काळाने सुटतो. बंधकात निम्म्या आकारमानापर्यंत पीझेडटी मिसळले की ध्वनिरोध काँक्रीटच्या जवळ आणता येतो. चकती आणि यजमान पदार्थ एकाच जातीचे असल्याने सांधाही टिकतो.

यात गमवावे लागते ते भाराचे प्रमाण. सबंध पीझेडटीचा दाबविद्युत गुणांक दर न्यूटनला ४०० पिकोकुलोम असेल, तर निम्मे पीझेडटी असलेल्या शून्य-तीन संमिश्रात तो ४०-५० च्या आसपास येतो. आकडा निराशाजनक वाटतो, पण संवेदकात मोजले जाते ते व्होल्टेज, आणि व्होल्टेज ठरते या गुणांकाला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने भागून. पीझेडटीचा स्थिरांक १८०० धरला आणि संमिश्राचा १००, तर दर न्यूटनला मिळणारे व्होल्ट-मीटर पीझेडटीत ०.०२५ येतात आणि संमिश्रात ०.०४५. म्हणजे भार दहावा हिस्सा असूनही व्होल्टेजची संवेदनक्षमता जवळजवळ दुप्पट. बंधकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक कमी ठेवण्याचे महत्त्व इथे आहे. तो वाढवणारी मुख्य वस्तू म्हणजे बंधकात राहिलेले पाणी.

बंधकाचे घटक हाताळताना प्रत्येकाचा स्वभाव वेगळा कळतो. कर्नाटकात राख रायचूर आणि बळ्ळारीच्या औष्णिक केंद्रांतून येते, स्लॅग तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याच्या परिसरातून. महाराष्ट्रात हीच जोडी कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर यांची राख आणि डोलवीची स्लॅग अशी जमते. पीझेडटीसुद्धा देशात बनते, पुण्याजवळ भोसरीत त्याचा कारखाना आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते आणि त्या राखेत सिलिका व ॲल्युमिना भरपूर, चुना मात्र थोडा. कणांचा आकार काचेच्या गोळ्यांसारखा असल्याने राखेचा लगदा सहज घोळतो, साच्यात नीट बसतो. पण राख आळशी आहे. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणात ती कालवल्यावर साधारण तापमानाला घट्ट व्हायला फार वेळ घेते. साठ ते ऐंशी अंश सेल्सियसच्या भट्टीत दिवसभर ठेवली की मगच बळ धरते. बेंगळूरु समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तिथे गारवा असतो, आणि भट्टीविना ठेवलेली राखेची चकती दुसऱ्या दिवशीही नखाने ओरखडते. हाच लगदा नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर झाकून ठेवला तर उन्हानेच बराच पुढे जातो. मिश्रणाचे प्रमाण एका गावाहून दुसऱ्या गावी जसेच्या तसे नेता येत नाही, त्याचे हे साधे कारण.

स्लॅग याच्या उलट. तिच्यात तीस-चाळीस टक्के चुना असतो. अल्कली मिळताच ती झपाट्याने घट्ट होते. जोरकस द्रावण असेल तर अर्ध्या तासाच्या आतच लगदा साच्यात भरण्याजोगा राहत नाही. पीझेडटी मिसळलेल्या लगद्यात ही घाई एका बाबतीत उपकारक ठरते. पीझेडटी बंधकाच्या जवळजवळ चौपट जड असल्याने पातळ लगद्यात ते तळाशी बसते आणि चकतीची खालची बाजू सिरॅमिकने गच्च, वरची रिकामी अशी होते. लवकर आवळणारा बंधक कणांना जागच्या जागी धरून ठेवतो. पीझेडटी निम्म्या आकारमानाला पोहोचले की वजनात ते सुमारे ऐंशी टक्के होते. अशा मिश्रणाला लगदा म्हणणेही अवघड, ते ओलसर भुकटीसारखे वागते आणि साच्यात दाबूनच चकती घडवावी लागते. तिथे गाळ बसण्याचा प्रश्न उरत नाही, पण बंधकाच्या पातळ पडद्याने प्रत्येक कण भिजला आहे की नाही हा प्रश्न मोठा होतो.

तिसरा घटक भाजलेली चिनीमाती, म्हणजे मेटाकाओलिन. ती शुद्ध असते, तिच्यात लोह आणि न जळलेला कोळसा जवळजवळ नसतो, म्हणून विद्युतदृष्ट्या तिचे वर्तन एकसारखे मिळते. राखेबाबत ती खात्री देता येत नाही. राखेतला न जळलेला कोळसा वीज वाहतो आणि प्रत्येक खेपेत त्याचे प्रमाण बदलते. राख वापरायची तर भट्टीत तापवून वजनातली घट मोजणे हे पहिले काम. मेटाकाओलिनची अडचण पाण्याची. तिचे कण पत्र्यासारखे चपटे, त्यांना भिजवायला द्रावण जास्त लागते, आणि ते जास्तीचे पाणी उडून गेले की मागे बारीक पोकळ्या राहतात. पोकळीतली हवा मिलिमीटरला सुमारे तीन किलोव्होल्टच्या क्षेत्रात फुटते. पोलिंगच्या, म्हणजे पीझेडटीचे विद्युत ध्रुव एका दिशेला वळवण्याच्या, वेळी लावले जाणारे क्षेत्र त्याच पातळीचे असते.

पोलिंग ही या सबंध कामातली कसोटीची पायरी. भट्टीतून आलेल्या पीझेडटीच्या कणांत विद्युत ध्रुव असतात, पण ते सर्व दिशांना विखुरलेले, त्यामुळे दाब दिला तरी एकूण भार शून्य येतो. ते एका दिशेला वळवण्यासाठी चकती सिलिकॉन तेलात बुडवून, शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवून, मिलिमीटरला एक ते चार किलोव्होल्टचे क्षेत्र काही मिनिटे ते पाऊण तास लावतात आणि क्षेत्र तसेच ठेवून चकती थंड करतात. पण बाहेरून लावलेले क्षेत्र आणि कणाच्या आत पोहोचणारे क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्षेत्र लावल्याच्या पहिल्या क्षणी त्याची वाटणी डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या प्रमाणात होते. पीझेडटीचा १८०० आणि कोरड्या बंधकाचा १० धरून एकट्या गोल कणासाठी हिशेब मांडला, तर कणाच्या आत बाहेरच्या क्षेत्राचे जेमतेम १.६५ टक्के पोहोचतात. मिलिमीटरला दोन किलोव्होल्ट लावले तर कणाला मिळतात तेहेतीस व्होल्ट. ध्रुव वळण्यासाठी हवेत हजाराच्या घरात. दाट मिश्रणात कण एकमेकांना टेकलेले असल्याने हा वाटा वाढतो, तरी तो पुरेसा होत नाही.

पुढे मात्र चित्र पालटते. क्षेत्र तसेच लावून ठेवले की वाटणी डायइलेक्ट्रिक स्थिरांकाऐवजी संवाहकतेने ठरू लागते. बंधक पीझेडटीपेक्षा थोडा जास्त वीज वाहणारा असेल, तर भार बंधकातून वाहत येऊन कणाच्या पृष्ठभागावर साचतो आणि कणाच्या आतले क्षेत्र चढत जाते. हिशेबाने ते बाहेरच्या क्षेत्राच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकते. बंधकाची रोधकता एक अब्ज ओहम-मीटर असेल तर हा बदल आठ-दहा सेकंदांत घडतो. त्याहून फार मोठी असेल, म्हणजे बंधक अगदीच कोरडा आणि निरोधक असेल, तर ही वेळ लांबत जाते आणि पीझेडटीची स्वतःची अल्प संवाहकताच वरचढ ठरून कणांना पुरेसे क्षेत्र कधीच मिळत नाही. चकती जळत नाही, तडकत नाही, आणि संकेतही देत नाही.

दुसऱ्या टोकाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. वर सांगितलेल्या आकाराच्या चकतीला चार किलोव्होल्ट लावले आणि तिची रोधकता एक कोटी ओहम-मीटर असली, तर साठेक मायक्रोॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि पाव वॉट उष्णता निर्माण होते. तेल ती सहज वाहून नेते. रोधकता एक लाखावर आली तर प्रवाह सहा मिलिॲम्पिअरच्या वर जातो आणि नाण्याएवढ्या चकतीत पंचवीस वॉट उष्णता कोंडते. अल्कली बंधक तापला की आणखी वीज वाहतो, आणखी तापतो. मग काळी रेघ उमटते, चांदीचा लेप उडतो. बंधक ओला असेल तर रोधकता शंभराच्या घरात येते आणि हिशेबाचा प्रवाह कित्येक ॲम्पिअर भरतो. कोणताही उच्चदाब पुरवठा तो देत नाही. यंत्र तत्काळ बंद पडते. एक कोटी ते एक अब्ज ही पट्टी त्यामुळे कामाची. संमिश्राची रेसिपी ठरवणे म्हणजे चकतीला पोलिंगच्या तापमानात या पट्टीत आणून ठेवणे.

या पट्टीत पोहोचण्याची वाट सोडियमवरून जाते. राख आणि मेटाकाओलिन यांच्यापासून बनणारे जेल सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे असते. त्याच्या जाळीत सिलिकॉनच्या जागी बसलेला प्रत्येक ॲल्युमिनियम एक ऋणभार आणतो आणि तो फेडण्यासाठी एक सोडियम आयन जवळ राहतो. हा आयन जाळीत एका जागेवरून दुसरीकडे उडी मारू शकतो. शिवाय चूर्ण नीट विरघळावे म्हणून द्रावणात गरजेपेक्षा जास्त सोडियम घातलेले असते, ते पोकळ्यांतल्या पाण्यात मोकळे फिरते. स्लॅगच्या जेलमध्ये मुख्य भूमिका कॅल्शियमची. कॅल्शियमवर दोन भार असल्याने तो जाळीला घट्ट धरून बसतो, आणि स्लॅग सक्रिय करायला सोडियमही कमी लागते. म्हणूनच राखेत स्लॅग वाढवत नेली की कोरड्या चकतीची रोधकता चढत जाते.

पण स्लॅगच्या जेलमध्ये पाणी रचनेतच गुंतलेले असते. चकती शंभर अंशांच्या पुढे तापवली की ते पाणी सुटते, जेल आकसते आणि सूक्ष्म भेगा पडतात. राखेच्या जेलमधले पाणी बहुतांशी पोकळ्यांत साठलेले असल्याने ते निघून गेले तरी सांगाडा टिकतो. पोलिंग गरम तेलात करायचे असल्यामुळे हा फरक निर्णायक आहे. साध्या सिमेंटची अडचणही इथेच, त्याच्यातले एट्रिंगाइट सत्तर-ऐंशी अंशांतच मोडू लागते. उष्णता सोसण्यात राख पुढे, वीज अडवण्यात स्लॅग पुढे. त्यातून मधला मार्ग निघतो. राखेत पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी स्लॅग घातली, तर मिश्रण बेंगळूरुच्या साध्या हवेत एका रात्रीत साच्यातून काढण्याइतके घट्ट होते, पोलिंगची उष्णताही सोसते. बळ हवे म्हणून स्लॅग निम्म्याच्या पुढे नेण्याचा मोह होतो, कारण दाबाखाली फोडून पाहिलेल्या ठोकळ्यांचे आकडे सुंदर येतात. संवेदकासाठी तो मोह आवरावा. अल्कलीने सक्रिय केलेल्या काँक्रीटच्या पूर्वनिर्मित वस्तूंसाठी भारतीय मानक १७४५२ हे २०२० मध्ये आले आहे. पण अशा मार्गदर्शनाचा रोख बळ आणि टिकाऊपणा यांवर असतो. मजबुतीसाठी उत्तम ठरलेली रेसिपी दाबविद्युत चकतीसाठीही उत्तम ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

सोडियमची मात्रा कमी ठेवण्याचा आणखी एक फायदा पृष्ठभागावर दिसतो. जास्तीचे सोडियम पाण्याबरोबर बाहेर येते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि पांढरी भुकटी धरते. चांदीचा लेप या भुकटीवर बसला तर तो काही आठवड्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. लेप देण्यापूर्वी चकतीची तोंडे बारीक घासकागदाने घासून, अल्कोहोलने पुसून, पुन्हा वाळवून घ्यावी लागतात. कॉस्टिकचे द्रावण करताना त्यातून मोठी उष्णता सुटते, म्हणून ते आदल्या दिवशी करून थंड होऊ देणे ही शिस्तही इथलीच. गरम द्रावणाने स्लॅग कालवली तर साचा भरेपर्यंतही वेळ मिळत नाही.

तीव्र अल्कलीचा पीझेडटीवर काय परिणाम होतो, हे दुर्लक्षून चालत नाही. शिशाचे ऑक्साइड तीव्र अल्कलीत विरघळते. नीट भाजलेल्या पीझेडटीत शिसे स्फटिकाच्या रचनेत पक्के असते, पण कच्च्या भाजलेल्या किंवा फार बारीक दळलेल्या भुकटीच्या पृष्ठभागावर मोकळे ऑक्साइड राहू शकते. फार बारीक कण आणखी एका कारणाने नकोसे: पृष्ठभाग वाढतो, प्रत्येक कणाभोवती बंधकाचा पडदा येतो, आणि ध्रुव वळण्याला आतून अडथळा होतो. काही दशक मायक्रोमीटरपासून शंभराच्या पुढेपर्यंतचे कण बरे. त्यांच्यात राखेचे गोळे नीट अडकून बसतात आणि पोकळ्या कमी राहतात.

मोजमापाच्या वेळी अल्कली बंधक फसवतो. पोलिंग झाल्या झाल्या चकती मोजणीयंत्राच्या जबड्यात धरली तर भरघोस आकडा दिसतो. त्यातला काही भाग बंधकात अडकलेल्या भाराचा आणि एका बाजूला सरकलेल्या सोडियम आयनांचा असतो. दोन्ही तोंडे तारेने जोडून चकती एक दिवस ठेवली की तो भाग ओसरतो आणि खरा आकडा उरतो. याहून महत्त्वाची खबरदारी म्हणजे पीझेडटी न घातलेली, निव्वळ बंधकाची चकती त्याच क्रमाने तयार करून, तिलाही तेच क्षेत्र लावून मोजणे. घट्ट झालेले सिमेंट आणि अल्कली बंधक हेही दाबाला क्षीण विद्युत प्रतिसाद देतात, विशेषतः ओलसर असताना; तो आयनांच्या हालचालीचा परिणाम असतो आणि महिन्याभरात बदलतो. कोऱ्या चकतीचे मोजमाप शेजारी नसेल तर दोन बंधकांची तुलना अर्थहीन ठरते. ओलाव्याची खूण कंप्रता बदलून पाहताना मिळते. शंभर हर्ट्झला डायइलेक्ट्रिक स्थिरांक हजारांत आणि लाख हर्ट्झला शंभरात येत असेल, तर तो पीझेडटीचा पराक्रम मानू नये. चकती पुन्हा वाळवावी आणि नव्याने मोजावी.

चकती कुठे बसवायची, त्यावर बंधकाची शेवटची निवड ठरते. भुयाराच्या काँक्रीटचा ध्वनिरोध मोठा असल्याने तिथे पीझेडटीचे प्रमाण निम्म्याजवळ आणि बंधक घट्ट, कमी सच्छिद्र हवा. चामराजपेटच्या जुन्या भिंतीत परिस्थिती निराळी. विटा आणि चुना-सुरखीच्या सांध्यांतून ध्वनी हळू जातो, घनताही कमी. ध्वनिरोध काँक्रीटच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तिथे काँक्रीटसाठी घडवलेली कडक चकती बसवली तर ती भिंतीच्या हालचालीत सहभागी होत नाही. राखेचे प्रमाण जास्त असलेला, किंचित सच्छिद्र बंधक आणि पीझेडटीचा कमी वाटा तिथे योग्य, संकेत लहान आला तरी.

सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. ती चुन्याशी संयोग पावून जे जेल बनवते ते कॅल्शियमचेच; मेटाकाओलिनच्या रसायनाशी तिचे जवळचे नाते आहे, फक्त सोडियम तिथे नाही. हा फरक लक्षात ठेवूनच जुन्या भिंतीला हात लावावा. अल्कलीचा ओला लगदा थेट जुन्या विटेवर थापला तर त्यातले क्षार विटेत शिरतात, पावसाळ्यानंतर स्फटिक होऊन वीट आतून फोडतात. वारसा म्हणून टिकवायच्या इमारतीत हे अक्षम्य आहे. चकती आधी घडवून, पूर्ण पिकवून, पोलिंग करून, सर्व बाजूंनी इपॉक्सीचा पातळ थर देऊन बंद करावी. मग विटेत न खोदता सांध्यात खाच करून ती चुन्याच्या गाऱ्यातच बसवावी. काढायची झाली तर भिंतीला इजा न होता निघते.

इपॉक्सीचा थर ओलाव्यासाठीही लागतो. बेंगळूरुत जूनपासून पाऊस येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याचा जोर असतो. उघडी चकती हवेतले पाणी शोषते, रोधकता घसरते आणि दाबातून निर्माण झालेला भार तारेपर्यंत येण्याआधी चकतीतच गळून जातो. मंद गतीच्या संकेतांवर याचा परिणाम आधी होतो. जड वाहनाचा किंवा पायाच्या खचण्याचा संथ ताण दिसेनासा होतो, तर गाडी जाताना येणारी जलद कंपने अजून दिसत राहतात, त्यामुळे संवेदक ठीक चालला आहे असा समज होतो. प्रत्येक चकतीची रोधकता पावसापूर्वी आणि पावसानंतर तारांवरूनच मोजून नोंदवणे हा त्यावरचा सोपा उपाय. घट दिसली तर त्या काळातल्या संथ नोंदी बाजूला ठेवाव्यात.

शिसे हा या पदार्थातला सर्वांत गंभीर भाग. पीझेडटीची भुकटी तोलताना मुखपट्टी आणि हातमोजे, सांडलेली भुकटी ओल्या फडक्याने टिपणे, घासकामाचा गाळ वेगळा साठवून घातक कचरा म्हणून देणे, यांत सूट नाही. मोडलेली चकती राडारोड्यात जाऊ देऊ नये. बिनशिशाचा पर्याय म्हणून बेरियम टायटनेट घेता येते. त्याचा गुणांक पीझेडटीपेक्षा कमी, आणि सव्वाशे अंशांच्या आसपास त्याचे ध्रुव नाहीसेच होतात, म्हणून पोलिंगचे तापमान त्याच्या बरेच खाली ठेवावे लागते. तापमान कमी म्हणजे बंधकातल्या सोडियमची हालचालही कमी. पीझेडटीसाठी योग्य ठरलेला राख-स्लॅगचा वाटा इथे चकतीला अति निरोधक करतो, आणि स्लॅग घटवून राख वाढवावी लागते. सिरॅमिक बदलले की बंधकाची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते: कोरी चकती, रोधकतेचे मोजमाप, मग पोलिंग.